सुरी की सुरा?

माझ्याकडे गाउचोंचे सात चाकू आहेत. हे वाक्य चारचौघांत बोललं की पहिला प्रश्न येतो, "गाउचो म्हणजे कोण?" आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, "पण चाकू कशाला?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर मी गेली काही वर्षं स्वतःलाच देतोय. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, त्यांना कुणी "कशाला" असं विचारत नाही. चाकूवाल्याला विचारतात, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी गाउचो. अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलच्या दक्षिण टोकाचं रिओ ग्रांदे दो सुल हे राज्य, या पट्ट्यात पाम्पा नावाची अफाट, सपाट, गवताळ जमीन आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेली गुरं-घोडी तिथे मोकाट सुटली, वाढली, आणि त्यांच्यामागे घोड्यावरून फिरणारा एक माणूस तयार झाला. घर नाही, शेत नाही, मालक असलाच तर तेवढ्यापुरता. सुरुवातीला जनावर मारायचं ते कातड्यासाठी. मांस हवं तेवढं खायचं, बाकीचं तिथेच पडायचं. पुढे मांस खारवून क्यूबा आणि ब्राझीलला जायला लागलं, तिथल्या गुलामांना खाऊ घालायला. १८७६ साली 'ल फ्रिगोरिफिक' नावाचं फ्रेंच जहाज थंड केलेलं मांस घेऊन ब्यूनोस आयरिसला पोचलं, आणि मांस थंडाव्यात ठेवून समुद्रापार नेता येतं हे दिसलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुरणांना तारेची कुंपणंही पडत गेली. मोकाट गुरं संपली, तसा मोकाट माणूसही संपला. उरले ते पगारी गुराखी.

या सगळ्या काळात त्याच्या कमरेला एक गोष्ट मात्र कायम होती. चाकू.

आपल्याकडे 'सुरी' म्हटलं की स्वयंपाकघर डोळ्यापुढे येतं आणि 'सुरा' म्हटलं की खून. फक्त वेलांटीचा काना झाला की वस्तू माजघरातून पोलीस स्टेशनात जाते! स्पॅनिशमध्ये ही सोय नाही. 'कुचीशो' (हा ब्यूनोस आयरिसकडचा उच्चार) म्हणजे चाकू, मग तो भाकरीचा असो की भांडणाचा. गाउचोंनी मात्र आकारावरून आणि बाळगण्याच्या जागेवरून वेगळी नावं ठेवली. 'फाकोन' म्हणजे लांब पात्याचा. त्याच्या मुठीच्या पुढे इंग्रजी एस किंवा यू अक्षरासारखी वळवलेली आडवी पट्टी असते, समोरच्याचं पातं घसरून आपल्या बोटांवर येऊ नये म्हणून. 'दागा' दुधारी. 'कारोनेरो' तर जवळजवळ तलवारच. तो कमरेला मावत नाही म्हणून खोगिराच्या थरांमध्ये खोचून ठेवायचा. आणि सगळ्यात छोटा 'बेरिखेरो', जांघेजवळ, पुढच्या बाजूला खोचायचा. 'बेरिखा' म्हणजे जांघ, त्यावरून नाव. मोठा चाकू कमरेमागे आडवा, मूठ उजव्या हाताला सहज सापडेल अशी.

दोमिंगो सार्मिएन्तो हा लेखक पुढे अर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला. गाउचोंबद्दल त्याला फार प्रेम नव्हतं, त्याच्या दृष्टीने ते रानटीपणाचे प्रतिनिधी. पण १८४५ सालच्या 'फाकुंदो' या पुस्तकात त्याने गाउचोच्या चाकूला हत्तीच्या सोंडेची उपमा दिली आहे. मला ही उपमा फार आवडते. चाकू हा गाउचोचा हात, बोट, सगळंच. जनावर मारायचं, सोलायचं, कातड्याच्या वाद्या काढायच्या, लगाम दुरुस्त करायचा, खोंड खच्ची करायचे, खुंट्या तासायच्या, आणि दिवस मावळला की त्याच चाकूने जेवायचं. जेवायची पद्धतही बघण्यासारखी. भाजलेल्या मांसाचं टोक दातांत धरायचं आणि ओठांसमोरून चाकू फिरवून घास तोडायचा. काटा नाही, ताट नाही. मी एकदाच एका म्हाताऱ्या गुराख्याला असं जेवताना पाहिलं आणि त्याच्या नाकाची काळजी करत माझा घास हातातच राहिला.

आता याच चाकूची दुसरी बाजू. १८३३ साली चोवीस वर्षांचा चार्ल्स डार्विन गाउचोंबरोबर घोड्यावरून पाम्पातून फिरत होता. तेव्हा तो हुआन मानुएल दे रोसास या जनरलला भेटला. रोसास मोठा जमीनदार, पुढे ब्यूनोस आयरिसचा हुकूमशहा म्हणून कुप्रसिद्ध झाला. डार्विनने त्याचा एक ऐकीव किस्सा लिहून ठेवलाय. रोसासच्या जमिनीवर नियम होता की रविवारी कुणीही चाकू बाळगायचा नाही, कारण रविवार हा जुगाराचा आणि दारूचा दिवस आणि त्या दिवशी मुडदे पडायचे. नियम मोडला तर खोड्यात अडकवायचं. एका रविवारी खुद्द गव्हर्नर भेटीला आले आणि त्यांच्या स्वागताच्या घाईत रोसास कमरेला चाकू तसाच ठेवून बाहेर पडला. कारभाऱ्याने हळूच आठवण करून दिली. रोसासने गव्हर्नरांची माफी मागितली आणि स्वतः जाऊन खोड्यात बसला! थोड्या वेळाने कारभाऱ्याची समजूत घालून त्याला सोडवण्यात आलं. सुटल्या सुटल्या रोसास कारभाऱ्याला म्हणाला की आता तू नियम मोडलास, तेव्हा माझ्या जागी तू बस.

लोक या किस्स्यात रोसासचा धूर्तपणा बघतात. मला त्यातला नियम महत्त्वाचा वाटतो. सोमवार ते शनिवार ते अवजार आहे आणि रविवारी शस्त्र. पातं तेच, मूठ तीच, माणूसही तोच. वार फक्त बदलला.

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ब्यूनोस आयरिसला होतो आणि गंमत म्हणजे माझे बहुतेक चाकू मी रविवारीच घेतले. मातादेरोस नावाच्या भागात १९८६ पासून रविवारची जत्रा भरते. मातादेरोसचा शब्दशः अर्थ कत्तलखाने. मी होतो तेव्हा जवळच गुरांचा मोठा बाजारही होता, तो २०२२ साली शहराबाहेर कान्युएलासला गेला. जत्रेत खोगिरं, पोंचो, मातेचे भोपळे, घोड्यावरचे खेळ, आणि फळकुटांवर मांडलेले चाकू. नवे, जुने, आणि नवे असून जुने केलेले.

तिथे उभा राहून हळूहळू शिकलो. पहिली गोष्ट म्हणजे अस्सल गाउचो चाकूचं पातं बऱ्याचदा अर्जेंटिनाचं नसतंच! ते जर्मनीतल्या झोलिंगेनहून किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डहून आलेलं असतं. नाहीतर मोडक्या तलवारीचं, संगिनीचं, झिजलेल्या कानशीचं केलेलं. पाती नुसती यायची आणि मूठ, म्यान इथले कारागीर चढवायचे. श्रीमंताला चांदी, मधल्याला अल्पाका म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर, गरिबाला लाकूड, शिंग नाहीतर कच्च्या चामड्याच्या वाद्यांची वीण. झोलिंगेनच्या ब्योकर कंपनीच्या पात्यावर झाडाचं चित्र असतं. त्यावरून तिकडे त्या चाकूंना 'आर्बोलितो', म्हणजे छोटं झाड, असंच म्हणतात. नाव वाचता येवो न येवो, झाड ओळखता येतं. तर हा इतका देशी, इतका मातीतला मानला गेलेला चाकू, त्याचं पोलाद सातासमुद्रापलीकडचं. आपलं म्हणून काय म्हणायचं हा प्रश्न तिथेही आहेच.

दुसरी गोष्ट शिकलो ती सान आन्तोनियो दे आरेकोला. ब्यूनोस आयरिसपासून सुमारे ११० किलोमीटरवर हे गाव. तिथे १९३८ साली उघडलेलं गाउचोंचं संग्रहालय आहे, 'दोन सेगुन्दो सोम्ब्रा' या कादंबरीचा लेखक रिकार्दो ग्विराल्देस याच्या नावाचं. चांदीचे कारागीर आजही त्या गावात काम करतात. काचेमागचे चाकू बघून डोळे दिपतात. मुठीवर वेलबुट्टी, सोन्याची आद्याक्षरं, सोबत नाणी जडवलेला कंबरपट्टा. बघता बघता लक्षात आलं की हे चाकू इतके छान राहिले कारण ते फारसे वापरलेच गेले नाहीत. ते मालकाचे होते, सणासुदीचे. रोज जनावर सोलणाऱ्या माणसाचा चाकू रोज दगडावर घासला जायचा. दर घासण्याला थोडं पोलाद जायचं. पातं अरुंद होत जायचं, टोक आखूड व्हायचं, आणि शेवटी चाकूच संपायचा. म्हणजे आपण ज्याला 'गाउचोचा चाकू' म्हणून काचेत बघतो तो बहुधा गाउचोच्या मालकाचा असतो. खरा गाउचोचा चाकू झिजून संपला. ज्याने जास्त काम केलं त्याची निशाणी सगळ्यात कमी उरते. हे फक्त चाकवांचं नाही, हेही तिथेच उभं असताना मनात आलं.

तेव्हापासून मी झिजलेले चाकू बघायला लागलो. माझे सातही तसेच आहेत. त्यातला एक आर्बोलितो आहे. मुठीपाशी पातं दोन बोटं रुंद आणि पुढे करंगळीएवढं, इतका घासलेला. झाडाचा अर्धा बुंधा धारेबरोबर गेला आहे. त्याची कहाणी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विक्रेत्याच्या फळकुटावर दोन चाकू शेजारी होते. दुसरा जरा मोठा, त्याची किंमत जवळजवळ दुप्पट. मी विचारलं, का? तो जवळ सरकून म्हणाला, "त्याने माणूस मारलाय." मग एका गुत्त्यातली भांडणाची गोष्ट, पत्ते, दारू, बाई, सगळं साग्रसंगीत. मी विचारलं, आणि ह्या झिजलेल्याने? त्याने खांदे उडवले. "ह्याने? गुरं सोललीत, दुसरं काय!" मी तो घेतला.

खुनाची गोष्ट जोडली की किंमत दुप्पट होते, हे मला अजून पचत नाही. पण ती गोष्ट हवेतून येत नाही हेही खरं. डार्विनने लिहिलंय की गाउचोंच्या भांडणात समोरच्याच्या नाका-डोळ्यांवर वार करून चेहऱ्यावर खूण ठेवायचा प्रयत्न असे, आणि तसे खोल व्रण त्याने पाहिले होते. डाव्या हाताला पोंचो गुंडाळायचा, ती ढाल. उजव्या हातात चाकू. सार्मिएन्तो म्हणतो की मारणं हा उद्देश नसे, पण कुणी मेलाच तर लोकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे असे. ते त्याला 'दुर्दैव' म्हणत. मेलेल्याचं नव्हे, मारणाऱ्याचं दुर्दैव!

आणि मग अर्जेंटिनाचं राष्ट्रीय काव्य. होसे एर्नांदेसचं 'मार्तिन फिएर्रो', १८७२ सालचं. एर्नांदेसचा जन्मदिवस, १० नोव्हेंबर, तिकडे परंपरा दिन म्हणून साजरा होतो. सरकारने जबरदस्तीने सरहद्दीवरच्या फौजेत धाडलेला, घरदार उद्ध्वस्त झालेला गाउचो हा त्याचा नायक. वाचताना जीव तुटतो. पण याच नायकाच्या हातून काय होतं? तो दारूच्या नशेत एका कृष्णवर्णीय बाईची टर उडवतो, तिच्या सोबतचा माणूस चिडतो, आणि फिएर्रो त्याला चाकूने मारतो. कारण काही नाही. एर्नांदेसलाही ते विसरता आलं नसावं. १८७९च्या दुसऱ्या भागात गाण्याच्या जुगलबंदीला फिएर्रोसमोर येऊन बसतो तो त्याच मेलेल्या माणसाचा भाऊ. चाकूंच्या प्रेमात असलेल्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा असं मला वाटतं.

बोर्हेसला तर या चाकूंनी झपाटलंच होतं. त्याच्या १९७० सालच्या 'ब्रोडीचा अहवाल' या संग्रहात 'भेट' नावाची एक गोष्ट आहे, आणि तिच्या मध्यभागी आमच्यासारख्याच एका जमवणाऱ्याचं कपाट आहे. एका बंगल्यात पत्त्यांवरून दोघांचं भांडण होतं. दोघेही शहरी, चाकू कसा धरायचा हेही माहीत नसलेले. यजमानाच्या संग्रहातून ते एकेक चाकू उचलतात, एकाचा यू आकाराच्या पट्टीचा लांब, दुसऱ्याचा लाकडी मुठीचा, पात्यावर छोटं झाड असलेला. आणि ते दोघे मुरलेल्या गाउचोंसारखे लढतात. एकजण मरतो. बऱ्याच वर्षांनी कळतं की त्या चाकूंचे मूळ मालक जन्मभर एकमेकांना शोधत होते आणि त्यांची गाठ कधी पडली नाही. लढले ते चाकू, माणसं निमित्त.

गोष्ट अप्रतिम आहे. ती वाचली त्या रात्री मी ड्रॉवर उघडून माझ्या झाडवाल्या चाकूकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हे नाकारत नाही. पण पटत मात्र नाही. पात्याला वैर आठवतं असं मानलं की हात मोकळे होतात. मेला तो दुर्दैवाने मेला, मारलं ते चाकूने मारलं, मग माणूस कुठे गेला? त्यापेक्षा मला रोसासचा खोडा जवळचा वाटतो. तिथे चाकू नाही, माणूस अडकवतात. पात्याला काही आठवत असलंच तर घासलेला दगड आठवत असेल.

माझ्याकडे एकही फाकोन नाही. एक तर पैसे. दुसरं, आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेले सोडून. म्हणजे आपला कायदाही अखेर तोच प्रश्न विचारतो, हे कशासाठी घडवलंय? त्यामुळे परत येताना मी नऊ इंचांच्या आतलेच आणले. आणि खरं सांगायचं तर घरात ठेवायला मला तेवढेच हवे होते. पावसाळ्यात त्यांची फार काळजी घ्यावी लागते. पोलाद साधं, गंजतं पटकन. चामड्याच्या म्यानात ठेवून दिले की ओल धरून पात्यावर ठिपके पडतात, म्हणून म्यान वेगळं आणि चाकू तेलाचं बोट फिरवून फडक्यात. काळसर झालेलं पातं मात्र मी घासून चकचकीत करत नाही. तो काळपटपणा त्याच्या कामाचा आहे.

परत आल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला आईने पाटावर नेहमीप्रमाणे विळी, अडकित्ता, माझे स्क्रू-ड्रायव्हर, लेकीच्या कंपासपेटीतलं कर्कटक मांडलं. मग म्हणाली, "तुझे ते चाकू आण." मी जरा घुटमळलो. तिने झाडवाला हातात घेतला, अंगठ्याने पात्याच्या झिजेवरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याने काय करायचे?" म्हटलं, कातडं काढायचे, दोऱ्या कापायचे, जेवायचे. "मग विळीच की," म्हणाली आणि हळदकुंकू लावून विळीशेजारी ठेवला. आमच्या विळीचं पातंही आजीपासूनचं आहे, झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. इतकी वर्षं ते रोज बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

सगळ्यात छोटा बेरिखेरो मी आता वापरतो. जमवणारे मित्र याला नाक मुरडतात. वापरला की धार लावावी लागते, धार लावली की वस्तू कमी होते. खरं आहे. पण अवजार काचेत ठेवून त्याचं निव्वळ शस्त्र करायचं, यापेक्षा थोडं कमी झालेलं बरं. बाकीचे सहा ड्रॉवरमध्ये आहेत, त्यांना हात लावत नाही.

मध्यंतरी लेकीने विचारलं की हे पुढे माझे होणार का? होणार. म्हणून प्रत्येकासोबत एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. कुठे घेतला, कधी, किती पेसोंना, पात्यावर काय खूण आहे, मूठ कशाची. कुणाला मारलं हा रकाना नाही. शेवटचा रकाना 'काय काय कापलं' असा आहे. सहांच्या चिठ्ठ्यांवर तो कोरा आहे. बेरिखेरोच्या चिठ्ठीवर आत्तापर्यंत लेकीच्या अक्षरात एवढं लिहिलंय: कैरी (पातं काळं पडलं), सुतळी, पार्सलचा खोका, बाबांचं बोट (थोडंसंच).